निरोप तोंडानं द्यायचा

युगांडातल्या आमच्या छोट्या गावात मतदानाच्या दोन दिवस आधी किराणा दुकानासमोर ही भली मोठी रांग लागली होती. पुढं काय होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून जो तो पीठमीठ भरून ठेवत होता. कोपऱ्यावर बंदुका घेतलेले सैनिक उभे होते. तेवढ्यात माझ्यामागे कुणीतरी पुटपुटलं, "एवढं पीठ नेऊन काय करायलेत हे लोक?"

मी गर्रकन वळले. नांदेडकडची माझी उमरी सोडल्यापासून दोन वर्षांत अशी मराठी कानावर पडली नव्हती.

"नांदेड का लातूर?"

"चाकूर," तो म्हणाला... आणि हातातली पिशवी सावरायचं विसरला.

तो धम्मानंद, साखर कारखान्यातला आठवड्यापूर्वीच आलेला केमिस्ट. मी कारखान्याच्याच दवाखान्यात नर्स. त्या संध्याकाळी इंटरनेट बंद झालं आणि आमच्या वसाहतीचं फाटकही लागलं. निकाल लागेपर्यंत विनाकारण बाहेर पडू नका, असं कारखान्याचे लोक सांगून गेले. गावाच्या बाजूला जाळपोळीचा धूर दिसायचा. धम्मानंद माझ्या ओट्यावर येऊन बसायचा.

"पिठल्यात मीठ कमी हाय."

"मग ताट ठेवा खाली."

"कमी हाय म्हणलो... वाईट हाय म्हणलो का?"

हसला की तो खाली बघायचा. मला ते आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी तो सहज बोलून गेला. घरच्यांनी लातूरजवळच्या मुरुडची मुलगी बघितली होती. रविवारपर्यंत त्यानं कळवायचं होतं. "आता नेटच न्हाई. निरोप गेला न्हाई की नकार समजतील. सुटलो."

माझं डोकंच फिरलं. एका स्थळाच्या निरोपाची मीही अडीच महिने वाट पाहिली होती. आई रोज फोनकडे बघायची. निरोप आलाच नाही.

"ती पोरगी तिकडं वाट बघायली असंल," मी म्हणाले. "नकार द्यायचा तर तोंडानं द्या."

बाहेर सैनिक आहेत, असं काहीसं तो म्हणाला. मी त्याला नाकाटोचं उदाहरण दिलं. दवाखान्यात माझ्यासोबत असलेली ही इथलीच नर्स त्याच सैनिकांसमोर सहा तास रांगेत उभी राहून मत देऊन आली होती.

मोबाइलवरून परदेशी फोन लागत नव्हता, पण फाटकाबाहेर, कारखान्याच्या ऑफिसात लँडलाइन होती. दुपारी निघालो. दोन ठिकाणी सैनिकांनी अडवलं, ओळखपत्रं बघितली. भीती वाटत होती, पण मी परत फिरणार नव्हते.

फोन लागला. धम्मानंदनं घसा खाकरला.

"बाबा, मी बरा हाय. मुरुडच्या लोकांना आजच सांगा, माझा नकार हाय. पोरीत काही खोट न्हाई... मला दुसरी आवडली. उमरीची हाय."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"मग तिचं काय म्हणणं हाय?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"तिला... अजून विचारलं न्हाई."

मी त्याच्या हातून रिसीव्हर घेतला.

"जय भीम, बाबा. मी उमरीची विशाखा. माझा होकार हाय."