पट्टी अजून खाली जातीय

प्रणय, तो चहा ठेव खाली आन् आधी ऐक. आत्ताच मेघाला बजाजनगरला सोडून आलोय. हात हुंग माझा. गाळाचा वास येतो का नाय? भर दुष्काळात, नळ कोरडे पडलेले असताना!

मेघा बायपासवरच्या त्या प्लॉटिंगवाल्याकडं कॉम्प्युटरवर बसते, तुला ठाऊकच हाय. सिल्लोड रोडला त्यांनी वावरं घेतलीत. मधे एक जुनी विहीर. मुरूम टाकून ती बुजवायची आन् वर प्लॉट पाडायचे. गावातल्यांच्या हरकती मेघानं शीटमधे चढवल्या होत्या. आज संध्याकाळी त्याची प्रिंट तहसीलला सुनावणीला जायची होती.

दुपारी शिवशंकर साहेब, म्हंजे तो प्लॉटिंगवालाच, तिच्या मागं येऊन उभे. "काय गबाळं दिसतंय हे! एकेका खान्यात पोथी भरलीय. टेक्स्ट बॉक्स टाक, स्क्रोलवाले. दोन ओळी दिसल्या पायजेत. बाकी ज्याला वाचायचं तो पट्टी सरकवून वाचंल."

एवढं सांगून साहेब शहागंजला सुनावणीच्या अधिकाऱ्यासाठी हार-शाली आणायला गेले. मेघाला काय, असल्या कामाचा लई शौक. एकेका हरकतीला चौकोन काढला, मजकूर आत बसवला, बाजूला सरकती पट्टी दिली. शीट कशी, नव्या नवरीवानी दिसाया लागली. मग तिनं नमुन्याला एक प्रिंट काढली.

आन् हातच थांबला तिचा.

कागदावर पट्टी थोडीच सरकते, यार? वरच्या दोन ओळी तेवढ्या छापल्या, खालचं सगळं गायब. आन् आपली गावाकडची माणसं अर्ज कसा सुरू करतेत? आधी गोड. सगळ्या डब्ब्यात एकच: "साहेबास नमस्कार. प्लॉट पाडायला आमचा विरोध नाय." खरी हरकत त्याच्या खाली, "पण"च्या पुढं. तो "पण" एका बी कागदावर नव्हता.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. लॅपटॉप तेवढा चालू. बाहेर रस्त्याला कुत्रं नव्हतं, असलं ऊन. आन् कुठंतरी... टप... टप...

तिनं शीट खालपर्यंत नेली. सगळ्यात शेवटी एक जादा डब्बा. तिनं न काढलेला. नाव होतं कचरू. त्याच्यात नमस्कार नव्हता, गोड काय नव्हतं. "विहीर बुजवू नका. मी हितं हाय." पट्टीवरचा ठोकळा तिळाएवढा. म्हंजे खाली किती मजकूर असंल, विचार कर. तिनं सरकवलं. "अजून खाली." सरकवलं. "अजून खाली ये." मग तिनं माऊसवरचा हात काढला... तरी पट्टी सरकतच राहिली. ठोकळा बारीक, बारीक होत चालला. खाली कोणतरी लिहीतच होतं. आन् खोलीत गार वास, ओल्या गाळाचा.

गावातल्या लीलाबाईचा नंबर तिच्या हरकतीत होता. मेघानं फोन लावला.

"जय भीम, मावशी. हे कचरू कोन?"

पलीकडून हळूच आवाज, "माझे मालक, बाई. मागच्या दुष्काळात गाळ काढाया उतरले. वरून दरड आली. वर आलेच नाय. मी तेच लिव्हलंय ना... प्लॉट पाडा, पण आधी त्यांना वर काढा."

तेवढ्यात लाईट आली आन् साहेब बी आले. त्यांनी तो डब्बा पाहिला. तोंड पांढरं पडलं, पण आवाज तसाच. "उडव तो. नोकरी पायजे ना?" स्वतःच बटण दाबलं. डब्बा गेला. परत आला. परत दाबलं, परत आला. साहेबाच्या बोटाला चिखल.

मेघानं लॅपटॉप आपल्याकडं वळवला. "सरका, साहेब." एकेका डब्ब्याची पट्टी काढली, डब्बे ताणून लांब केले, पुऱ्या मजकुराएवढे. "विहीर बुजवायची तर सगळं वाचून बुजवा."

"उद्यापासून येऊ नको!"

"नाय येत. पण हे कागद जाणार." प्रिंटर सुरू झाला. तोवर तिनं शीट पेनड्राइव्हमधे बी घेतली.

मग मला फोन. मी गाडी काढली, ती मागं गठ्ठा छातीशी धरून. सुनावणीत तिनं लीलाबाईची हरकत उभी राहून वाचली, पुरी. साहेब मधे बोलाया गेले तर म्हणती, "थांबा, 'पण' आत्ता आलाय." अधिकाऱ्यानं मुरूम थांबवला. आधी गाळ काढायचा, माणूस शोधायचा, मग बाकीचं. लीलाबाई खालीच बसली, पदर तोंडात धरून.

झालं ना? मला बी वाटलं झालं.

हे बघ, कचरूचं पान. ओलंय अजून, गाडीवर वाऱ्याला धरलं तरी वाळंना. शेवटची ओळ वाच. "मी एकटा नाय. माझ्या खाली अजून..." हितं कागद संपला.

बाकीचं ह्या पेनड्राइव्हमधे हाय. मेघा म्हणती, रात्री उघडणार, शेवटपर्यंत सरकवणार, उद्या काठावर उभी राहून सगळी नावं ओरडणार. तिनं घरात पाय टाकला आन् मला धराया दिलेला हा माझ्या खिशातच राहिला. खिसा बघ, कसा भिजलाय.

तुझा लॅपटॉप चालूच हाय, प्रणय. सांग, माझ्या जागी तू काय केलं असतं, हा आत्ताच लावला असता का तिला नेऊन दिला असता?