पाच दहाची नोंद

यातलं अर्धं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. उरलेलं अर्धं ज्याने मला सांगितलं, तो माणूस अजून कुबडी घेऊन चालतो.

तो माझा मेव्हणा. माझ्या बायकोचा थोरला भाऊ.

वार गुरुवार. वेळ संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. जागा त्याची खोली, त्याच्याच दुकानाच्या वरची. अंधार पडलेला नव्हता. खाली रस्त्यावर माणसं होती, गाड्या होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण असल्या गोष्टी अमावास्येला आणि ओसाड जागीच घडतात असं मलाही वाटायचं.

मेव्हणा टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करायचा. हात चांगला होता. पण डोक्यात एक खूळ होतं.

भूकंप आधी ओळखायचं.

त्यासाठी त्याने गच्चीवर लाकडी चौकट उभी करून तिच्यावर तारेचे शंभर वेढे दिले होते. ती त्याची अँटेना. तिची वायर खिडकीतून आत रिसीव्हरला. त्यावर हजारो मैलांवरच्या एका रेडिओ स्टेशनची घूं... घूं... ऐकू यायची. रोज तीच.

त्याचं म्हणणं असं की आकाशात फार उंचावर हवेचा एक थर असतो. रेडिओच्या लहरी त्याच्यावर आपटून खाली येतात. दिवस मावळताना हा थर बदलतो, म्हणून स्टेशनचा आवाज काही मिनिटं खोल जातो आणि पुन्हा वर येतो. याला तो ‘बुडी’ म्हणायचा. बुडीची वेळ रोज जवळपास ठरलेली. ती अचानक सरकली, तर जमिनीखाली काहीतरी शिजतंय असं समजायचं.

खरं की खोटं, मला कळत नाही. माझी दहावीसुद्धा धड झालेली नाही.

माझ्या बायकोला मात्र हे पटायचं. आमचं घर त्याच्यापासून दोन गल्ल्यांवर. रोज साडेपाचला हातातलं काम टाकून ती भावाकडे जायची. तो कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसायचा. ती त्याच्या मागे स्टुलावर, मांडीवर वही, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

आवाज खोल गेला की तो म्हणायचा, "बुडाली."

ती वेळ टिपायची आणि म्हणायची, "लिहिली."

बस्स. सहा वर्षं रोज हे दोन शब्द. मी चिडवायचो, "अगं, याहून जास्त तर आपण भांडताना बोलतो."

स्टेशनवाले दर महिन्याला कळवायचे की अमुक दिवशी, अमुक वेळेपासून दुरुस्तीसाठी स्टेशन बंद राहील. ती ते वहीच्या समासात आधीच लिहून ठेवायची. ‘गुरु. बंद.’ म्हणजे त्या दिवशी शांतता आली तरी दचकायचं नाही.

मग हिवाळ्याच्या सुरुवातीला एका गुरुवारी तिला ताप आला. ती गेली नाही.

मेव्हणा एकटाच बसला. वहीचं पान संपलं होतं, म्हणून त्याने नवं पान उघडलं. आवाज खोल गेला... आणि वर आलाच नाही.

दहा मिनिटं. वीस मिनिटं. तासभर.

तो सैरभैर झाला. मागचं पान उलटून पाहिलं असतं तर समासात तिच्या अक्षरात ‘गुरु. बंद.’ दिसलं असतं. त्याने उलटलं नाही. तो दारोदार पळाला, "बाहेर पडा, आज रात्री हलणार आहे, पोरांना घेऊन बाहेर पडा."

दोन गल्ल्यांतली दीड-दोनशे माणसं त्या रात्री मैदानावर बसली. कडाक्याची थंडी. अंगात ताप घेऊन माझी बायकोही बसली.

जमीन हलली नाही.

तिचा ताप छातीत उतरला. अकराव्या दिवशी दवाखान्यात ती गेली. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी.

त्यानंतर मी मेव्हण्याचं तोंड पाहिलं नाही. गल्लीनेही त्याला सोडलं नाही. त्याच्या शटरवर कुणीतरी खडूने लिहिलं, ‘इथे भूकंप दुरुस्त करून मिळेल.’ त्याला कंप्या म्हणू लागले. दुकानाशेजारच्या केशकर्तनालयातून हाका यायच्या, "काय कंप्या, आज दाढी करू की पळू?"

तो मान खाली घालून जायचा. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पुढचं त्याने सांगितलेलं.

तो महिनाभर रिसीव्हरला शिवला नाही. मग एका बुधवारी त्याला राहवलं नाही. बसला. वही उघडून बाजूला टेबलावर ठेवली. घूं... घूं... आवाज हळूहळू खोल गेला. सवयीने तोंडातून निघून गेलं.

"बुडाली."

आणि मागून...

"लिहिली."

तो गर्रकन वळला. स्टूल रिकामं होतं. मनाचे खेळ, असं म्हणून त्याने घड्याळ पाहिलं. सहा वाजून चार मिनिटं. लिहायला वही ओढली.

वहीत आजची तारीख होती. पुढे वेळ होती. ५:५८.

तिचं अक्षर. ती पाचचा आकडा इतका दाबून काढायची की मागच्या पानावर उमटायचा. याही पाचचा उमटला होता.

दुसऱ्या दिवशी तो एक अक्षर बोलला नाही. ओठ घट्ट मिटून बसला. तरी बुडीच्या वेळी मागून आवाज आलाच.

"लिहिली."

वहीत ५:५२.

तिसऱ्या दिवशी ५:४६. त्याने वही कपाटात घालून कुलूप लावलं. चौथ्या दिवशी कुलूप तसंच होतं. आत ५:४०.

रोज सहा मिनिटं अलीकडे. खरी बुडी मात्र आपल्या जागी, सहाच्या पुढेच.

त्याने बोटांवर हिशेब केला. पुढच्या गुरुवारी नोंद कुठे पोचते?

५:१०.

ती गेली तीच वेळ. ती सावध करते आहे, असं त्याला वाटलं. आणि सावध करण्याइतकं तिचं मागे राहिलं होतं कोण? आमची मुलगी. नऊ वर्षांची.

त्या गुरुवारी साडेचारला तो माझ्या दारात उभा राहिला. इथून पुढचं मी पाहिलेलं.

दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

"भाऊजी, पाच ते साडेपाच पोरीला मैदानावर न्या. फक्त अर्धा तास. मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाला."

"शिव्या आत्ताच घालतो. चालता हो."

"भाऊजी, ती लिहितेय. वहीत. तिचं अक्षर आहे, तुम्ही या नि बघा..."

"तिचं नाव काढायचं नाही!"

आवाज ऐकून मुलगी बाहेर आली. "मामा! आत ये ना. किती दिवस आला नाहीस."

"तू आत जा," मी म्हणालो.

"पण बाबा, मामा रडतोय..."

"आत जा म्हटलं ना!"

ती गेली. मी मेव्हण्याची कॉलर धरली. जे बोललो ते शब्दाला शब्द लिहितो, कारण त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यातून जात नाहीत.

"एकदा सगळ्यांना बाहेर काढलंस आणि माझी बायको मारलीस. आज कुणी बाहेर जाणार नाही. आज तू आत बस. पाच दहाला तुझ्या त्या पेटीपुढे एकटा आत बसून दाखव. माणसाची औलाद असशील तर जागचा हलू नकोस."

त्याने माझा हात कॉलरवरून सोडवला. मग म्हणाला, "बसतो."

आणि गेला.

खोलीतलं पुन्हा त्याने सांगितलेलं. पाच वाजता तो रिसीव्हरपुढे बसला. हेडफोन लावला.

घूं नव्हती.

काहीच नव्हतं. साधी खरखरसुद्धा नाही. कापूस कोंबल्यासारखी शांतता. त्याने वही उघडली. समासात ताजी शाई होती.

‘गुरु. बंद.’

स्टेशन बंद होतं. म्हणजे कानात काहीच ऐकू यायला नको होतं.

पाच सात... पाच आठ...

हेडफोनमध्ये कुणीतरी खोकलं.

कोरडा, छातीतून आलेला खोकला. तो त्याने अकरा दिवस दवाखान्यात ऐकला होता. एकदा. थांबून पुन्हा एकदा. मग दम लागल्यासारखा श्वास... आत... बाहेर... आत...

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

श्वास थांबला नाही. तो हेडफोनमध्ये नव्हताच. मानेच्या मागे होता. गार.

पळावं असं त्याला वाटलं. पण मी आत बसायला सांगितलं होतं. तो बसला.

पाच दहा.

श्वास बंद झाला. त्याचे ओठ आपोआप हलले.

"बुडाली..."

कानाला लागून उत्तर आलं. आवाज तिचाच, पण असा कडवट की तिच्या तोंडून तसा त्याने कधी ऐकला नव्हता.

"लिहिली, दादा."

आणि खोली हलली.

आधी घड्याळ पडलं. मग दिवा छताला जाऊन आपटला. चारही भिंतींचा गिलावा ढपल्याढपल्यांनी सुटला. तो दाराकडे झेपावला. जुन्या टीव्ही आणि ट्रान्सफॉर्मरने भरलेली लोखंडी मांडणी त्याच्या अंगावर आली. पायाचं हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला.

किती वेळ हललं? त्याचं म्हणणं, सहा सेकंद.

लोकांनी त्याला बाहेर काढलं आणि मला बोलावलं. मी खोलीत गेलो. भिंतीतून बोट जाईल एवढी भेग छतापर्यंत गेली होती. जमिनीवरची भेग दारापर्यंत आली होती.

आणि उंबऱ्यापाशी थांबली होती. सुरीने कापल्यासारखी.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पाण्याचा माठ. त्यावर पेला पालथा घातलेला. तो जागचा हलला नव्हता. शेजारच्या खोलीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांना विचारलं.

"सामान पडल्याचा आवाज आला," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही हो. मी तेव्हा सुईत दोरा ओवत होते. पहिल्या फटक्यात ओवला."

खाली न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा चालवत होता. साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

भूकंप झाला होता. फक्त त्या खोलीत.

दवाखान्यात मेव्हण्याने हे सगळं मला सांगितलं. शेवटी माझा हात धरून म्हणाला, "भाऊजी, मला वाटलं ती सावध करतेय. ती सावध करत नव्हती. ती माझी वेळ लिहीत होती. ती वही जाळून टाका."

मी होय म्हणालो.

ढिगाऱ्यातून वही शोधली. शेवटची नोंद ५:१०. पुढची पानं कोरी. जाळायला म्हणून काडीही पेटवली. पण माझ्याकडे तिच्या अक्षरातलं दुसरं आहे काय? वाण्याच्या याद्या आणि गॅसवाल्याचा नंबर. मी काडी विझवली. वही घरी आणून तिच्या साड्यांखाली ठेवली.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मेव्हण्यालाही नाही.

त्या रात्री मैदानावर ती मला म्हणाली होती, "अहो, आत जाऊया. मला फार थंडी वाजतेय. काही हलत-बिलत नाही, दादाचा काहीतरी घोळ झालाय."

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं. आजूबाजूची सगळी माणसं बसलेली. आपणच पहिले उठून कसं जायचं, म्हणून मला लाज वाटली. मी म्हणालो, "गप बस. उजाडेपर्यंत निघायचं नाही."

ती गप्प बसली.

हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

आठ दिवसांपूर्वी स्वेटर काढायला कपाट उघडलं. वही साड्यांच्या वर होती. कोऱ्या पानावर तारीख आणि वेळ. ४:०८.

दुसऱ्या दिवशी ४:०२. मग ३:५६.

कालची नोंद ३:२६.

मुलीला परवाच माझ्या बहिणीकडे पोचवून आलो. "बाबा, तू पण चल ना," म्हणाली. तिला म्हटलं, काम आहे. मेव्हण्याने फोनवर विचारलं, "वही जाळली ना भाऊजी?" मी म्हटलं, जाळली.

मैदानावर जाऊन बसता येईल. सोपं आहे. पण ज्याला मी आत बसवलं तो बसला होता.

आता रात्री तीन वाजून अकरा मिनिटं झाली आहेत. दार आतून लावलं आहे. समोरच्या खुर्चीवर तिची शाल ठेवली आहे. तिला अजून थंडी वाजत असेल तर असावी म्हणून. नीट चौपदरी घडी घालून ठेवली होती, मीच.

हे वाक्य लिहून मान वर केली, तर घडी मोडलेली आहे.