एकच रेघ उमटली तेव्हा

त्यांच्या तोंडाला बांधलेल्या रुमालाला कापूर-वेलचीचा वास होता... अजून नाकात आहे तो माझ्या.

दोन हजार नऊचा ऑगस्ट. स्वाइन फ्लूच्या धास्तीनं सगळं कोल्हापूर तोंड बांधून हिंडत होतं. राजारामपुरीतल्या एका लहानशा लॅबमध्ये मी कामाला होते. चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि हातातली कापसाची काडी थांबली. महांतेश... चंदगडचे, काजूवाले. म्हणजे संध्याकाळी मला बघायला येणारे पाहुणे हेच!

पन्नाशीत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी येणार होतं. घरात भाचीचं नुकतं जन्मलेलं बाळ, म्हणून माझ्या भावानं, मल्लाप्पानं, निरोप धाडला होता — तपासून मगच या.

मुलगी दवाखान्यात नोकरीला, एवढंच त्यांना ठाऊक. फोटो मीच दिला नव्हता. आणि आता तर तोंडावर मास्क.

"जरा लवकर बघा, म्याडम. मुलगी बघायला जायचंय."

"मुलगी?"

"पन्नाशीची हाय. पण मुलगीच की!"

मी मास्कच्या आत हसले.

नाकातून काडी फिरवली, पट्टीवर थेंब टाकले. दोघं पट्टीकडं बघत राहिलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता... एकच रेघ उमटली.

"निगेटिव्ह न्हवं?" ते उठलेच. "चला, सुटलो!"

मी गप्प बसले असते, तर संध्याकाळी ते माझ्या दारात असते. पण अंग तापलेलं, घसा बसलेला, डोळे लाल... आणि घरात ते बाळ.

"थांबा. दोन रेघा आल्या तर खरं मानायचं. एकच आली तर खात्री नाही, ही पट्टी पुष्कळदा चुकते. आज जाऊ नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, ते नमुना पुण्याला धाडतील."

"आवो, मुलगी हातची जाईल की!"

"ती थांबेल."

"तुमाला काय म्हाईत?"

मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. ते क्षणभर माझ्या डोळ्यांकडं बघत राहिले... आणि गेले.

संध्याकाळी पोहे आम्हीच खाल्ले. महिना उलटला, निरोप नाही. "पावणं फिरलं बघ, आक्का," मल्लाप्पा म्हणाला. मी कपाटातली नवी इरकल आत सारली.

दसऱ्याच्या तोंडावर ते आले — वाळलेले, हातात काजूची पिशवी. मल्लाप्पाला सांगत होते, "पुण्यास्नं पॉझिटिव्ह आलं. लई दिवस अंथरुणावर हुतो. लॅबमधल्या बाईंनी अडवलं म्हणून, न्हायतर तुमच्या बाळाला..."

मी चहा पुढं केला. "घसा बरा आहे ना आता?"

आवाज ओळखून त्यांचा कप हवेतच थांबला.

"म्हणजे... ती थांबेल म्हणणाऱ्या—"

"थांबले की."

हसू मला आवरेना. त्यांनी पहिल्यांदाच माझा अख्खा चेहरा पाहिला, अगदी सावकाश.

"डोळ्यांच्या कडंला दोन रेघा उमटल्यात," हळूच म्हणाले. "दोन आल्या की खरं मानायचं न्हवं?"

मल्लाप्पाला काही उमगलं नाही. मी मान खाली घातली... आणि होकारार्थी हलवली.

आता चेहऱ्यावर रेघांचं जाळंच झालंय. तरी सकाळचा चहा हातात घेताना ते आधी माझ्या डोळ्यांच्या कडेला बघतात.