चुकीचा सल्ला

आमची पहिली भेट एका धूलिकणाने घडवून आणली. माझ्या संशोधनातल्या कोळ्याच्या पोटावर प्रत्येक फोटोत एक अनोळखी ठिपका दिसत होता आणि नवी प्रजाती सापडल्याच्या कल्पनेने मी हुरळून गेले होते. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याने लेन्स काढली, रबरी फुंकणीने आत हवा मारली आणि गंभीरपणे म्हणाला, "वाईट वाटतं सांगायला... तुमची प्रजाती नामशेष झाली."

मी हसले. विनोदाच्या मानाने जरा जास्तच.

मग त्या दुकानात माझ्या फेऱ्या वाढल्या. कारण सबळ होतं : माझ्या कॅमेऱ्याची बॉडी भारी, लेन्स मात्र सुमार. बॉडी देऊन साधी घेतली, तर उरलेल्या पैशांत त्याच्या कपाटात विकायला ठेवलेली, अगदी जवळून बारकावे टिपणारी मॅक्रो लेन्स येत होती. कोळ्याचे आठही डोळे स्पष्ट दिसायला हवे असतील, तर यात विचार करण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"नका हो देऊ," तो म्हणाला. "अशी बॉडी पुन्हा मिळायची नाही."

सल्ला चुकीचा होता. आजवर अचूक बोलणारा माणूस याच बाबतीत का चुकावा?

उत्तर दारातून आत आलं. लग्नांचे फोटो काढणारी, उंच, मोकळं हसणारी. सरळ काउंटरच्या आत गेली आणि कपाटाला टेकून म्हणाली, "काय रे, ठरलं का?"

"थांब गं जरा!" तो म्हणाला.

थांब गं! माझी मजल अजून 'अहो'पुढे गेली नव्हती.

लेन्स तिच्यासाठी राखून ठेवली होती तर. निष्कर्ष तर्कशुद्ध होता. तो काढताना माझे कान तापले होते, एवढंच.

ती गेल्यावर मी म्हणाले, "लेन्स तिला द्यायची असेल तर तसं सांगा. तांत्रिक कारणं नकोत."

"तिला? तिला तुमची बॉडी हवीये. रोज डोकं खाते माझं."

"मग अडलंय कुठे?"

तो उगाचच फुंकणी दाबत राहिला. "माझं अडलंय. लेन्स मिळाली की तुमचं इथलं काम संपलं. मग तुम्ही तुमच्या कोळ्यांकडे... आणि मी इथे माश्या मारत."

एका निरीक्षणावर विसंबू नये, अशी माझी शिस्त. म्हणून मी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं. त्याने नजर वळवली नाही.

"बॉडी तिला द्या," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला.

"पण स्पष्ट सांगा — सोबत दुसरं काही मिळणार नाही."

"दुसरं म्हणजे?"

"तुम्ही."

फुंकणी त्याच्या हातातून निसटली. ती शोधायला तो काउंटरखाली वाकला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"दुकान बंद करायच्या वेळेला येते," मी वरूनच सांगितलं.

"काही... तपासायचं राहिलंय?"

"नाही. कॅमेरा, लेन्स, सगळं घरी ठेवून येणार आहे. आज नुसतीच येते."