त्या टिपणाचा धनी

तिच्या चष्म्याची काडी मोडली ती ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर. ती जिथे निवेदिका होती, त्या रेडिओ केंद्राच्या खालीच चष्म्याचं दुकान होतं. ती वाऱ्यासारखी आत शिरली. "दहा मिनिटांत मला दिसायला लागलं पाहिजे!"

"पाचच मिनिटं," चष्मेवाला हसला. "पण माप घेईपर्यंत गप्प बसावं लागेल. बोललात की नाक हलतं."

गप्प? आणि ती? छे! काडी बसेपर्यंत तिने त्याला सकाळी ऐकलेलं अख्खं व्याख्यान सांगून टाकलं.

त्याचं असं होतं, की रोज जे वाचायचं, ऐकायचं, त्यातलं एक तरी आधी कुणाला आपल्या शब्दांत सांगायचं आणि मगच टिपून ठेवायचं, हा तिचा शिरस्ता. सांगता आलं नाही, तर आपल्याला कळलंच नाही म्हणायचं! आजवर हे सगळं फोनवरून आईच्या माथी मारलं जायचं. आता चष्मेवाला सापडला. रोज संध्याकाळी ती दुकानात टपकायची. तो काच पुसत ऐकायचा आणि मध्येच म्हणायचा, "हे काही पटत नाही बुवा!"

"तुम्हाला काय पटतं?"

"तुम्ही भांडता ते…"

ती फणकाऱ्याने वर जायची आणि हसत हसत टिपण लिहायची. कुठून घेतलं, ते लिहायचा मात्र तिला भारी कंटाळा.

तोच अंगाशी आला. एकदा टिपणातलं एक वाक्य उचलून ती कार्यक्रमात ठणकावून म्हणाली, "मन लावून ऐकणाऱ्याची पापणी कमी लवते, असं मी एका पुस्तकात वाचलंय." झालं! श्रोत्यांचे फोनवर फोन, कोणतं पुस्तक?

"उद्या नाव सांग," केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या, "नाहीतर कार्यक्रम दुसऱ्या कुणाला तरी देते. थापा मारणारी निवेदिका मला नको."

तिने घरातली सगळी पुस्तकं उपसली. कुठे काही नाही. आणि एकदम तिचे कान तापले. हे वाक्य तिने वाचलंच नव्हतं, ऐकलं होतं… एका संध्याकाळी चष्मेवाला तिच्या नाकावर चष्मा नीट बसवत असताना, अगदी जवळून. अगं बाई, तिच्या मनात आलं, मला हा माणूस आवडतो की काय? आवडतोच!

दुसऱ्या दिवशी ती दुकानाच्या दारात उभी राहिली. "चला वर. माझं पुस्तक तुम्ही आहात."

"मी? माईकवर? अहो, पण दुकान—"

"बंद करा. माझा कार्यक्रम जायची वेळ आलीये."

माईक सुरू झाला. "श्रोतेहो, काल मी चुकले. ते पुस्तकातलं नव्हतं, यांनी मला सांगितलं होतं." मग त्याच्याकडे वळून तिने विचारलं, "तुम्हाला हे कुठे सापडलं?"

तो खाकरला. "आरशात. दुकानात चारी बाजूंना आरसेच… तुम्ही बोलत असताना एकदा मी स्वतःला पाहिलं. पापणी हलतच नव्हती. तुम्ही गेलात की मला डोळ्यांत थेंब घालावे लागतात हो… रोज."

काचेपलीकडे केंद्रप्रमुख बाई तोंडावर हात दाबून हसत होत्या. ती मात्र पहिल्यांदाच माईकसमोर गप्प झाली. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"श्रोतेहो, मला हे गृहस्थ फार आवडतात," ती म्हणाली. "आणि हे मी कुठेही वाचलेलं नाही."