रोज एक पान

चारही रंग ठीक.

हे शब्द त्याचे. रोज सकाळी सव्वानऊला मोबाईलवर यायचे. पण ते नंतर. आधी कूलर.

मे महिना, अकोला. जठारपेठेत मावशीकडे गेले होते. परत निघाले, रिक्षा मिळेना, आणि चालता चालता डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. समोर एक प्रिंटरचं दुकान... दारात वाळ्याचा ओला कूलर. मी आत शिरले ती फक्त त्या कूलरसाठी.

"काय पायजे?"

काउंटरमागे तो. नखांत निळा रंग, अंगठ्यावर गुलाबी, मनगटाजवळ पिवळा ओघळ. त्याला काय सांगणार, वारा पाहिजे म्हणून? जे तोंडात आलं ते बोलून टाकलं. "प्रिंटर. कपांवर फोटो छापायचे आहेत."

खोटंही नव्हतं ते. शाळेतली नोकरी सोडल्यापासून तीन महिने मी अमरावतीत घरी बसून हेच ठरवत होते, आणि ठरत नव्हतं.

"रोज छापता येईन का तुमाले?"

"ऑर्डर आली की छापेन."

"मंग नका घेऊ."

दुकानाचे मालक चंद्रभानकाका पेपरातून मान वर काढून म्हणाले, "अबे मनोज, गिऱ्हाईक हाय ते." त्यानं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि स्टूल ओढून समजावायला बसला.

मशिनं दोन प्रकारची होती. एकाच्या पोटातच शाईच्या टाक्या. दुसऱ्याला बाहेरून शाईचा डबा जोडायचा. त्यातून चार बारीक नळ्या आत जातात, शिरांसारख्या. पहिलं बिनत्रासाचं. दुसऱ्याचे लाड फार.

"डबा मशीनच्या बरोबरीनं ठेवा लागते. वर ठेवला का शाई वाहून जाते. खाली ठेवला का नळीत हवा शिरते."

"आणि बरोबरीनं ठेवला तर?"

"तर नांदते."

बोलून गेला, आणि मग स्वतःच कूलरकडे बघायला लागला.

शाई सब्लिमेशनचीच, म्हणजे उष्णतेनं कपावर उतरणारी टाकायची, पहिल्या दिवसापासून, हेही त्यानं बजावलं. एकदा साधी शाई आत गेली की नंतर कितीही धुवा, तिचा डाग राहतोच.

"म्हणजे जी पहिली, तीच शेवटपर्यंत?"

"मशीनचं सांगून राहिलो मी."

"मीही मशीनचंच विचारतेय."

चंद्रभानकाकांनी पेपर उलटला, मोठ्ठा आवाज करून.

मी दुसरं मशीन घेतलं. लाडांचं. जे बिघडतं ते... जे बिघडतं, त्याच्यासाठी कोणाला तरी यावं लागतं.

पिवळ्यात दोन तुटल्या.

हासुद्धा त्याचाच निरोप. छापलं नाही तर मशीनच्या तोंडाशी शाई सुकते, म्हणून रोज एक पान काढायचं. चार रंगांच्या बारीक रेषांचं, बाकी काही नाही. कुठे रेष तुटली की तिथे शाई अडली. मी पानाचा फोटो पाठवायचे, तो तपासून कळवायचा. जूनपासून डिसेंबरपर्यंत रोज हेच. कोणी प्रेमात पडल्यावर चंद्राचे फोटो पाठवतात. आम्ही रेषांचे.

एकच दिवस चुकला. साडेनऊला फोन.

"पान काहून नाई काढलं?"

"ताप आहे."

दुपारी तो दारात. अकोल्याहून. मशीन पाहायला आलो म्हणाला. मशीनला काही झालं नव्हतं. त्यानं पान काढलं, रेषा पाहिल्या, आणि मग — पानाकडे बघतच — विचारलं, "गोळी घेतली?"

आईनं चहा दिला. आडनाव विचारलं. गाव विचारलं. हिवरखेड, तो म्हणाला, घरची शेती आहे, पाच एकर कापूस. आईनं थोड्या वेळानं आडनाव पुन्हा विचारलं. ऐकू आलं नव्हतं असं नाही.

मी मध्येच कापसाचं काढलं. कापसाच्या मुलखात राहायचं आणि सुती कापडावर छापता येत नाही, हा काय न्याय?

"ही शाई पॉलिस्टरच धरते," तो म्हणाला. "कापसावर उमटते, पन पयल्या धुण्यात जाते. शाईचा दोष नाई. कापडाचाबी नाई."

आई कप उचलून आत गेली.

तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "तुमी डावऱ्या हाय."

"मग?"

"तुमचा कप दुसऱ्या बाजूनं छापा लागीन. नाईतर तुमी चहा पेसान अन् चित्र दिसन समोरच्याले."

सहा महिने मी कप छापत होते. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आणि हो, तो उलटं वाचायचा. या छपाईत कागदावर सगळं आरशातल्यासारखं उलटं आणि फिकट निघतं, गरम कपावर ते सुलटं, गडद होतं. मला आरसा लागायचा. तो उलट्या ओळी सरळ वाचून जायचा, आणि सरळ बोलायची वेळ आली की...

—

जानेवारी. नळ्या बदलायला आला होता. मशीनमध्ये डोकं घालून म्हणाला, "सुरतहून बोलावणं आलं."

साड्यांचा मोठा कारखाना. तिथे सगळं पॉलिस्टर. रविवारपर्यंत कळवायचं होतं.

मी म्हणाले, "छान."

तो नळीतली हवा काढत राहिला. एक बुडबुडा हळूहळू वर सरकत होता. आम्ही दोघं त्या बुडबुड्याकडे बघत होतो. तो काहीतरी बोलेल, असं मला वाटत होतं. काय बोलेल तेही मला माहीत होतं. फक्त ते त्यानं बोलायला हवं होतं — मी का?

"मग कळवा," मी म्हणाले.

निघताना त्यानं पिशवीतून कागदाची एक सुरळी काढली. वर रबर लावलेलं. "हे एका कपावर काढून पाहजा. रंग कसा आला ते रविवारच्या आत सांगजा."

टेस्ट प्रिंट. माणूस गाव सोडून चाललाय आणि हातात टेस्ट प्रिंट ठेवतो. मला इतका राग आला की जिन्यावरून त्याची पावलं वाजेनाशी होईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मग सुरळी ड्रॉवरमध्ये फेकली. रबरही काढलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मेसेज आला: *रंग आला का?*

मी लिहिलं: *छान आला. धन्यवाद.*

निळ्या खुणा. टायपिंग... थांबलं. टायपिंग... थांबलं.

*ठीक.*

रविवारी मी पान पाठवलं नाही. त्यानं विचारलं नाही.

काळा नाही. निळा नाही. गुलाबी नाही. पिवळा नाही.

हा निरोप कुणी पाठवला नाही. मी स्वतःच पाहिलं. पान कोरं आलं.

मधे एक वर्ष गेलं, वर दोन महिने. ऑर्डर असली की छापायचे, नसली की नाही. रोजचं पान कुणासाठी काढायचं? या फाल्गुनात मशीननं तोंड मिटलं ते मिटलंच. अमरावतीतल्या कारागिरानं उघडून पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. पार सुकलंय, म्हणाला.

भंगारवाला यायचा म्हणून ड्रॉवर रिकामा करत होते. सुरळी हाताला लागली. रबर तुटून पडलं.

कागदावर फिकट, राखाडी, उलटी अक्षरं. रंगाची पट्टी नाही, फूल नाही... अक्षरं. आरसा बाजूच्या खोलीत होता. मी उठले नाही. कप गरम करायचं यंत्र अजून चालत होतं. एक पांढरा कप घेतला, कागद गुंडाळला, टेप लावली. एकशेऐंशी डिग्री. तीन मिनिटं.

तीन मिनिटं मला काही माहीत नव्हतं. ती बरी गेली.

मग कागद सोलला. गडद निळ्यात, वाफाळत:

*जाऊ नका म्हणा. नाई जात.*

फोन लावला. तिकडे मोठ्या मशिनींचा घरघराट.

"चारुता बोलतेय."

त्यानं सवयीनंच विचारलं — "पान काढलं का आज?"

"मशीन गेलं. मनोज... तो कागद मी आज काढला."

"कोणता?"

"सुरळीतला."

तो एका बाजूला गेला असावा. आवाज कमी झाला.

"आज?"

"आज."

"मंग तवा कोणता रंग छान आलता?"

चौदा महिने तो हेच धरून बसला होता — हिनं वाचलं, आणि धन्यवाद म्हणाली.

"जाऊ नका," मी म्हणाले. वेड्यासारखी. इतक्या उशिरा, एवढंच.

"लगन झालं माझं," तो म्हणाला. "माघात."

माघ. सरून पंधरा दिवस झाले होते.

मग त्यानं विचारलं, "तीन मिन्टं ठेवला होता ना?"

"हो."

"मंग बराबर हाय. आता नाई निघत तो रंग. घासला तरी नाई." मग म्हणाला, "ठेवतो."

भंगारवाला मशीन घेऊन गेला. नळ्यांत थोडी शाई उरली होती. जिन्यावर चार रंगांचे थेंब पडले. आईनं लगेच पुसून घेतले.

कप ठेवलाय. रोज सकाळी सव्वानऊला त्यात चहा घेते. पण त्या दिवशी घाईत मी कागद सवयीनं लावला, गिऱ्हाइकांच्या कपाला लावते तसा, उजव्या हाताचा. मी डावरी. कप तोंडाला लावला की अक्षरं पलीकडे फिरतात, समोरच्या खुर्चीकडे.

खुर्ची वाचते.