बाहीतले हात

त्या दुपारी मी दुकान अर्धवट टाकून घरी आले, ती धाकट्या बहिणीला उठवायला. आईचा फोन आला होता, "हाका मारून माझा घसा बसला. आता तूच ये." आमच्या बारकीची झोप म्हणजे कानाशी ढोल वाजवले तरी न मोडणारी. त्यामुळे मी फारशी घाबरले नाही, उलट चिडलेच. एका झग्याची बाही मशीनवर तशीच ठेवून यावं लागलं होतं.

मी शिवणकाम करते. आमच्या गल्लीत माझ्याइतकी सरळ कात्री कुणाची चालत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला येत नाही. बारकीचा नाद वेगळा. ती कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. फार वर्षांपूर्वी कुणीतरी एक विचित्र खेळ करून सोडून दिला होता. त्यात एक मुलगी झोपते आणि आपल्याच स्वप्नात हिंडते. मारामारी नाही, हार-जीत नाही. नुसत्या खोल्या, जिने, दारं, आणि दारांमागे भलतंसलतं. नकोसं झालं की तिनं स्वतःच्या गालाला चिमटा काढायचा, की जाग येते. खेळ करणाऱ्याचा पुढे काही पत्ताच लागला नाही. मग ज्यांना त्याचं वेड लागलं होतं, त्यांनी आपापले पुढचे खेळ रचले. बारकी त्यांच्यातलीच.

कित्येक महिने ती आपल्या खेळातल्या खोल्या काढत बसली होती. सगळं जमलं, पण मुलीचे हात काही जमेनात. मग पठ्ठीनं काय करावं? बाह्याच लांब केल्या, पार बोटांच्या खाली.

"नाचता येईना अंगण वाकडं," आई तेव्हा म्हणाली होती.

"नंतर काढीन गं हात. आधी खेळ तर पुरा होऊ दे."

आदल्या दिवशी तो पुरा झाला होता, आणि तिनं तो आपल्यासारख्याच वेड्यांना पाठवलाही होता.

मी खोलीत शिरले. पडदे ओढलेले होते. ओल्या चुन्याचा वास येत होता. मी भिंतीला हात लावून पाहिला, तर भिंत कोरडी ठणठणीत. बारकी कॉटवर उताणी पडली होती. अंगात माझाच जुना ढगळ शर्ट, हात बाह्यांत बुडालेले. आई उशाशी बसली होती, आणि तिचा चेहरा पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला.

"सकाळपासून अशीच आहे… डॉक्टर येऊन गेले. श्वास मंद होत चाललाय म्हणाले. गाडी बोलावलीय."

"तोंडावर पाणी मारलंस?"

"सगळं करून झालं गं…"

तेवढ्यात मला एक आवाज ऐकू आला. सप… सप… सप. बारकी उजवी चप्पल घासत चालते, लहानपणापासून. मी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय अनवाणी होते, निश्चल होते.

आवाज टेबलावरून येत होता. स्क्रीन चालू होता. खेळातली ती मुलगी एका लांबच लांब बोळातून चालत होती, उजवा पाय घाशीत. एकही कळ कुणी दाबत नव्हतं. बोळाच्या टोकाला एक दार होतं. तिथं ती थांबली, माझ्याकडे वळली, आणि लोंबती बाही उचलून गालावर घासू लागली. पुन्हा पुन्हा, जोरजोरात. कॉटवर बारकीच्या गालावर लाल ओरखडा उमटत गेला.

"आई… ती चिमटा काढायला बघतेय."

"कोण?"

"बारकी. आत तिला हातच नाहीत."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या गालाकडे. क्षणभरच. "मग काढ की हात! बघत काय उभी राहिलीस?"

मुलीच्या चित्राचं पान कसं उघडायचं ते बारकीनं मला एकदा दाखवलं होतं. ते मी स्क्रीनवर बोळाच्या खालीच उघडलं. सगळ्या चौकटीच चौकटी, एकेक रंगवत जायचं. जाळीवरच्या भरतकामासारखंच. मी डावा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत चौकटी भरू लागले. पहिला हात फणीसारखा झाला, दुसरा पळीसारखा. ते पुसतेय तोच कुठलंसं दार करकरलं.

मी वर पाहिलं. बोळातलं दार बोटभर उघडलं होतं. मुलीची उजवी बाही त्या फटीत गेली होती आणि ताणली जात होती.

फटीत चेहरा नव्हता, काहीच नव्हतं. नुसता अंधार, आणि ती ओढ.

"अगं… हिची बाही बघ…" आई पुटपुटली.

कॉटवर बारकीची उजवी बाही हवेत सरळ उभी राहिली होती, तटतटलेली. धरणारं कुणी नव्हतं. बारकी इंच इंच भिंतीकडे सरकत होती. आईनं तिच्या कमरेला मिठी घातली.

माझी पाचावर धारण बसली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त संताप आला. बहीण माझी, शर्ट माझा, आणि ओढणारं हे कोण टिकोजीराव? बाही कुठं कापायची हे मला कुणी शिकवायला नको. मनगटापुढच्या सगळ्या चौकटी मी एका सरळ रेघेत पुसून टाकल्या.

कच्च… असा कात्रीचा आवाज झाला. माझी कात्री दुकानात होती.

दार धाडकन मिटलं. मी उरलेल्या चौकटी भरल्या. अंगठा, चार बोटं, माझ्या हातासारखीच थोडी जाडसर. मुलीनं तो हात डोळ्यांसमोर धरला, उलटसुलट करून पाहिला, आणि गालाला असा सणसणीत चिमटा काढला, की…

"आई गं!" बारकी ताडकन उठून बसली. "कोण गं ते? एवढ्या जोरात?"

आईनं तिला छातीशी धरलं, पाठीत एक धपाटा घातला आणि हमसून हमसून रडली. मी तर खोलीभर नाचले. जिंकलो होतो आम्ही! गाडीवाले आले तेव्हा बारकी दुसऱ्यांदा वाढून घेत होती. तिच्या शर्टाची उजवी बाही मनगटापाशी कापलेली होती, अगदी सरळ.

तसाच दुसराही काढून ते हात तिनं दुसऱ्याच दिवशी खेळात घालून सगळ्यांना पाठवले. कुठकुठच्या लोकांचे निरोप आले, की खेळ खेळून झोपलं तर उठताच येत नव्हतं, आता खडखडीत जाग येते. बारकी एकेक वाचून दाखवायची आणि माझी मान आणखी ताठ व्हायची. स्वप्नातल्या बाह्याही आखूड करून मिळतील, अशी पाटी दुकानावर लावायचीच तेवढी राहिली होती.

पुढच्या आठवड्यात एके दुपारी आई दुकानात बसली होती. बारकी आणि मी जेवून परत आलो, तर तिनं माझ्यापुढे एक कापड धरलं.

"एक गिऱ्हाईक देऊन गेलं. जोडून हवंय म्हणे."

बाहीचा तुकडा होता, माझ्याच जुन्या शर्टाचा. कापलेली कड मी ओळखली. आत बोटं घातली, तर कापड आतून गरम होतं, नुकतंच कुणाच्या हातावरून उतरवल्यासारखं.

"कोण होतं?" मी विचारलं.

"दाराआडूनच दिलं तिनं. मला वाटलं, बारकीच आलीय… आवाज अगदी हिचाच."

बारकीनं माझं मनगट घट्ट धरलं. मी ते सोडवलं, कात्री घेतली आणि त्या तुकड्याच्या चिंध्या चिंध्या केल्या. "मी फक्त कापते," मी मोठ्यानं म्हटलं, दाराबाहेर ऐकू जाईल असं. "हे जोडून मिळणार नाही!" बारकीला हसू फुटलं. मलाही.

आई मात्र हसली नाही.

"मी एवढंच म्हटलं तिला… आज काही जमायचं नाही. तर म्हणाली, घाई नाही."